लॅपटॉप आणि टीव्ही, मध्ये वायर नाही: शाळेच्या आणि घराच्या पडद्यासाठी

आमच्या शाळेत खोल्या दोन, शिक्षक दोन आणि वर्ग चार. गावाने लोकवर्गणी काढून ४३ इंची टीव्ही घेऊन दिला, तेव्हा मुलांचे हात पोचू नयेत म्हणून तो भिंतीवर उंच बसवला. लॅपटॉप टेबलावर. मधली दहा मीटरची एचडीएमआय वायर फळ्याच्या कडेने लोंबत असायची. एके दिवशी ती पळत्या पायात अडकली आणि टीव्हीच्या मागचा पोर्ट सैल झाला. वायर वर उचलून धरली की चित्र यायचं, सोडली की 'नो सिग्नल'. वायर धरायला एक मूल उभं करून कविता शिकवायची हे मला पटेना. तेव्हापासून मी वायरीशिवाय जोडणी करायच्या मागे लागले आणि आता शाळेत आणि घरी दोन्हीकडे तशीच वापरते.

सुरुवातीचे कितीतरी तास माझ्या एका गैरसमजापायी गेले. मिराकास्ट, कास्ट, स्क्रीन मिररिंग, स्क्रीन शेअर ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत असं मी धरून चालले होते. मग एकाचे उपाय दुसऱ्याला लावत बसायचं आणि काहीच चालत नाही म्हणून सोडून द्यायचं, असं चाललं होतं. म्हणून बटणांकडे जाण्याआधी हे नीट समजून घ्या. पुढचा निम्मा त्रास इथेच वाचतो.

पडदा पाठवायचा की पत्ता?

टीव्हीवर काही दाखवण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत.

पहिल्यात लॅपटॉप आपला आख्खा पडदा पाठवतो. जे जे लॅपटॉपवर दिसतं, माउसच्या बाणासकट, ते टीव्हीवर दिसतं. विंडोजमधली यासाठीची पद्धत म्हणजे मिराकास्ट. वाय-फाय अलायन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि विंडोज ८.१ पासून ती विंडोजमध्येच अंगभूत आहे. वेगळं ॲप लागत नाही. महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये राउटर नको, इंटरनेट नको.

दुसऱ्या मार्गात लॅपटॉप फक्त पत्ता पाठवतो. 'हा व्हिडिओ इंटरनेटवर अमुक ठिकाणी आहे, तिथून घे' एवढाच निरोप टीव्हीला जातो आणि टीव्ही स्वतः तो व्हिडिओ आणून चालवतो. लॅपटॉपचं काम उरतं रिमोटचं. यूट्यूबवरच्या व्हिडिओच्या कोपऱ्यात दिसणारं चौकोन आणि लहरींचं कास्टचं चिन्ह दाबलं की हेच होतं. पाहुण्यांकडे आंब्याची पेटी स्वतः डोक्यावरून नेऊन द्यायची, की 'अमक्या बागेतून उचलून आणा' असं फोनवर सांगायचं, एवढा हा फरक आहे.

फरक कळला की निवड आपोआप होते. पीडीएफ, पॉवरपॉइंट, गणिताची पायरी लिहून दाखवणं, शब्दकोडं, एक्सेलचा तक्ता, असं लॅपटॉपवर 'करून' दाखवायचं असेल तर पडदा पाठवा. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघायचा असेल आणि घरात वाय-फाय चांगलं असेल तर पत्ता पाठवा. चित्र स्वच्छ येतं, लॅपटॉप तापत नाही. आमच्या वाडीवर रेंज खिडकीच्या एका कोपऱ्यातच मिळते. तिथे पत्ता पाठवून उपयोग काय? म्हणून शाळेत मिराकास्ट आणि घरी बहुतेक वेळा कास्ट.

तुमच्या टीव्हीला काय येतं ते आधी ओळखा

टीव्ही 'स्मार्ट' असला म्हणजे त्याला दोन्ही येतंच असं नाही.

सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींना मिराकास्ट येतं. जुन्या मॉडेलांत 'सोर्स'मध्ये जाऊन 'स्क्रीन मिररिंग' उघडावं लागतं. नव्यांत लॅपटॉपकडून मागणी आली की टीव्हीवर परवानगीची खिडकी येते. एलजीमध्ये 'स्क्रीन शेअर' नावाचं ॲप असतं आणि जोडताना ते उघडं ठेवलेलं बरं. ॲन्ड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्ही यांच्यात कास्ट अंगभूत असतं, मिराकास्ट मात्र कंपनीने वेगळं दिलं असेल तरच. ॲप्सच्या यादीत 'मिराकास्ट' किंवा 'वायरलेस डिस्प्ले' असं काही दिसतं का ते बघा. एअरटेल एक्स्ट्रीम किंवा टाटा प्ले बिंज प्लस यांसारखा ॲन्ड्रॉइड टीव्हीवर चालणारा सेट-टॉप बॉक्स असेल तर साध्या टीव्हीलाही कास्ट मिळतं, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. फायर टीव्ही स्टिक असेल तर रिमोटवरचं घराचं चिन्ह असलेलं बटण काही सेकंद दाबून धरा. 'मिररिंग' हा पर्याय आला तर तुमच्या स्टिकला मिराकास्ट येतं.

टीव्ही अजिबात स्मार्ट नसेल, पण मागे एचडीएमआय पोर्ट शाबूत असेल, तर त्यात लावायचा डाँगल, म्हणजे वायरीशिवाय चित्र घेणारं छोटं उपकरण, घेता येतो. इथे माझं स्पष्ट मत आहे. बाजारात मिळणारे अगदी स्वस्त, बिननावाचे मिराकास्ट डाँगल घेऊ नका. त्यांतले बरेचसे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या गर्दीच्या पट्ट्यावरच चालतात आणि चित्र अडखळत राहतं (पट्ट्यांबद्दल पुढे सांगते). खोक्यावर ५ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असेल तरच घ्या. डाँगलला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देण्यापेक्षा मोबाइलच्या चार्जरमधून द्या. टीव्हीच्या यूएसबीतून कधी कधी पुरेशी वीज मिळत नाही आणि डाँगल मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो.

लॅपटॉपची तपासणी

लॅपटॉपवर विंडोज की दाबून ठेवून के दाबा. उजव्या बाजूला 'कास्ट' (विंडोज १० मध्ये 'कनेक्ट') ही पट्टी उघडून शोध सुरू झाला तर ठीक. या संगणकाला मिराकास्ट येत नाही अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर लगेच लॅपटॉपला दोष देऊ नका. वाय-फाय बंद असलं किंवा विमानाच्या चिन्हाचा एअरप्लेन मोड चालू असला तरी हाच संदेश येऊ शकतो. वाय-फाय कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी चालतं, पण ते चालू मात्र हवं.

खात्री करायची असेल तर विंडोज की आणि आर दाबा, येणाऱ्या चौकटीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही सहा इंग्रजी अक्षरं सलग लिहून एंटर करा. उघडणाऱ्या खिडकीत खाली 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' आहे. ते दाबून फाइल साठवा, उघडा आणि त्यात मिराकास्ट हा शब्द शोधा. पुढे 'अव्हेलेबल' असेल तर लॅपटॉप तयार आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला यंत्राचा एखादा भाग चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) किंवा वाय-फायचा अडथळा असेल तर तोही तिथेच लिहिलेला असतो. ड्रायव्हर जुना असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा वाय-फाय आणि ग्राफिक्स, दोन्हींचा ड्रायव्हर घ्या. 'विंडोज अपडेट'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' या आतल्या पानावरही ते पडून असतात.

डेस्कटॉप संगणक असेल आणि त्याला इंटरनेट लॅनच्या वायरीने येत असेल, तर टीव्हीकडे मिराकास्ट करायला वाय-फाय कार्ड किंवा यूएसबीचा वाय-फाय ॲडॉप्टर लावावा लागेल. कास्टला मात्र तो लागत नाही. संगणक आणि टीव्ही एकाच राउटरवर असले की पुरे.

विंडोज ७ वर मिराकास्ट अंगभूत नाही. त्या जुन्या यंत्रासाठी वायरच वापरा.

मिराकास्ट: प्रत्यक्ष जोडणी

आधी टीव्ही. तो पूर्ण सुरू होऊ द्या. स्मार्ट टीव्हीला चित्र आल्यावरही आतल्या सगळ्या सोयी जाग्या व्हायला थोडा वेळ लागतो. मग त्याचं मिररिंगचं पान किंवा ॲप उघडा.

आता लॅपटॉपवर विंडोज की आणि के. यादीत टीव्हीचं नाव येईपर्यंत थांबा, कधी कधी पंधरा-वीस सेकंद लागतात. नाव दिसलं की त्यावर एकदाच क्लिक करा. घाईने तीन-चारदा क्लिक केलं की जुळणी मध्येच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. टीव्हीवर परवानगीचा प्रश्न येईल, रिमोटने 'अलाव' करा. काही टीव्ही आकडी पिन दाखवतात, तो लॅपटॉपवर टाका. पडदा क्षणभर काळा होईल, लुकलुकेल आणि मग टीव्हीवर तुमचा डेस्कटॉप दिसेल.

आता विंडोज की आणि पी दाबा. चार पर्याय येतील. 'पीसी स्क्रीन ओन्ली'मध्ये टीव्हीवर काहीच जात नाही. 'डुप्लिकेट'मध्ये दोन्हीकडे तेच. 'सेकंड स्क्रीन ओन्ली'मध्ये लॅपटॉपचा पडदा काळा होतो आणि सगळं टीव्हीवर जातं. सिनेमा बघताना हा चांगला.

चौथा 'एक्स्टेंड', आणि शिकवणाऱ्यांनी तो शिकून घ्यावाच असं मी आग्रहाने सांगेन. यात टीव्ही हा लॅपटॉपच्या शेजारी मांडलेला दुसरा पडदा होतो. कुठलीही खिडकी माउसने धरून उजव्या कडेपलीकडे ओढली की ती टीव्हीवर जाते. मुलांना टीव्हीवर बालभारतीच्या पुस्तकाचं पान दिसतं आणि माझ्या लॅपटॉपवर माझं टाचण, पुढचं चित्र, हजेरी. पॉवरपॉइंटमध्ये 'प्रेझेंटर व्ह्यू' लावला की टीव्हीवर स्लाइड आणि आपल्यापुढे स्लाइडखालच्या नोंदी. चुकून उघडलेला व्हॉट्सॲप वर्गभर वाचला जात नाही हाही फायदा. टीव्ही तुमच्या डावीकडे असेल आणि खिडकी उजवीकडे ओढावी लागत असेल तर गोंधळ होतो. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' इथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात, त्यांतला २ माउसने ओढून डावीकडे ठेवा.

आवाज टीव्हीतून येत नसेल तर टास्कबारच्या उजव्या टोकाच्या स्पीकरच्या चिन्हावर जा, शेजारच्या बाणावर क्लिक करा आणि यादीतून टीव्हीचं नाव निवडा. उलटही करता येतं. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपला जोडलेल्या स्पीकरमधून. पण मिराकास्टमध्ये चित्र जरा मागे राहतं, त्यामुळे आवाज पुढे आणि ओठ मागे असं होईल. दोन्ही टीव्हीवरच ठेवा.

जोडणी तोडताना पुन्हा विंडोज की आणि के, मग 'डिस्कनेक्ट'. नुसता टीव्ही बंद केला तर पुढच्या वेळी नाव दिसूनही जोडलं जात नाही असा अनुभव मला अनेकदा आला.

अक्षरं शेवटच्या रांगेतून वाचता येत नसतील तर 'डिस्प्ले'मध्ये टीव्हीचा चौकोन निवडून 'स्केल' १५० टक्के करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धाच दिसत असेल, तर दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. पिक्चरच्या मेनूत 'फिट टू स्क्रीन', 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं जे असेल ते लावा.

चित्र अडखळतं, तुटतं, मागे राहतं

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या, म्हणून इथे जरा थांबते.

फुल एचडी पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर जवळजवळ दीड अब्ज बिट दर सेकंदाला होतात. एवढं वाय-फायवरून जाणं अवघड. म्हणून लॅपटॉप प्रत्येक चित्र दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो, टीव्ही ते पुन्हा उलगडतो. या दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो. माउस हलवल्यावर टीव्हीवरचा बाण किंचित उशिरा हलतो तो यामुळे. हा उशीर कमी करता येतो, शून्य करता येत नाही. टीव्हीचा 'गेम मोड' लावला तर टीव्हीकडचा वाटा घटतो. वेगवान गेम खेळणाऱ्याला मात्र मी वायरच लावायला सांगेन.

हे दाबण्याचं काम सतत चालू असल्याने लॅपटॉप तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. चार्जर लावून ठेवा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करा, कारण त्यात लॅपटॉप जाणूनबुजून हळू चालतो. जुना लॅपटॉप दमतच असेल तर 'डिस्प्ले'मध्ये टीव्हीचं रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० वर आणा. ठिपके निम्म्याहून कमी होतात आणि वर्गातल्या अंतरावरून फरक फारसा जाणवत नाही.

आता वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा गर्दीचा आहे. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचा माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे तिथेच. या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लागणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शहरातल्या सोसायटीत वीस राउटर या तीन चॅनेलांवर भांडत असतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी असते, मात्र त्या लहरी भिंतीपलीकडे लवकर मंदावतात. टीव्ही आणि लॅपटॉप एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झच चांगला. राउटरच्या नावापुढे लावलेलं '५जी' ते हेच. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही.

एक बारकावा मला फार उशिरा कळला, आणि तो कळल्यावर आमच्या वर्गातलं अडखळणं थांबलं. लॅपटॉपमध्ये बहुधा एकच वाय-फाय कार्ड असतं. मिराकास्ट चालू असताना लॅपटॉप इंटरनेटसाठी दुसऱ्या नेटवर्कलाही जोडलेला असेल आणि दोन्हींचे चॅनेल वेगळे असतील, तर ते एकच कार्ड क्षणात इकडे, क्षणात तिकडे असं धावत राहतं. मी फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवून टीव्हीवर व्हिडिओ दाखवत होते. हॉटस्पॉट २.४ वर, टीव्ही ५ वर. मग चित्र तुटणार नाही तर काय होईल? हॉटस्पॉट तोडला, व्हिडिओ आदल्या रात्री घरी उतरवून आणायला लागले, आणि तेव्हापासून तास अखंड चालतो. घरी इंटरनेट हवंच असेल तर लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा, म्हणजे दोन्ही कामं एकाच पट्ट्यावर होण्याची शक्यता वाढते.

नाव दिसत नाही, किंवा दिसूनही जोडलं जात नाही

मी या क्रमाने जाते. टीव्ही रिमोटने बंद केला तर तो खरा बंद होत नाही, डुलकी घेतो. प्लग काढून मिनिटभर थांबा, लॅपटॉप 'रिस्टार्ट' करा. निम्म्या वेळा इथेच सुटतं.

नाही सुटलं तर जुनी ओळख पुसा. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', 'डिव्हायसेस' इथे टीव्हीचं नाव शोधून 'रिमूव्ह' करा. टीव्हीच्या सेटिंगमध्येही जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथून लॅपटॉप काढून टाका. आधी कोणी चुकून 'डिनाय' दाबलं असेल तर टीव्ही त्या लॅपटॉपला गुपचूप नाकारत राहतो, काही विचारतही नाही की सांगतही नाही.

मग फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी. 'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल', त्यात ॲपला परवानगी देण्याचं पान, आणि तिथे 'वायरलेस डिस्प्ले'समोर प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्ही खुणा. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यातही बघावं लागेल. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारं ॲप) चालू असेल तर बंद करून बघा. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर मिराकास्ट वरूनच बंद केलेलं असू शकतं. तिथे आपण कितीही खटपट केली तरी चालणार नाही, आयटी विभागाला विचारा.

कास्ट: क्रोम आणि एज या ब्राउझरमधून

यासाठी टीव्ही आणि संगणक एकाच राउटरच्या नेटवर्कवर हवेत. एक २.४ वर आणि दुसरा ५ वर असला तरी राउटर एकच असेल तर सहसा चालतं. 'गेस्ट' नेटवर्कवर मात्र सहसा चालत नाही, कारण तिथे उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. हॉटेल आणि वसतिगृहांच्या वाय-फायवर कास्ट बहुधा चालत नाही त्याचंही कारण हेच. राउटरच्या सेटिंगमध्ये याला 'एपी आयसोलेशन' म्हणतात, आणि काही घरगुती राउटरवर ते कोणी न लावताही चालू असतं.

व्हिडिओच्या पानावर कास्टचं चिन्ह असेल तर तेच दाबा, टीव्हीचं नाव निवडा, झालं. ही पत्ता पाठवण्याची पद्धत. नंतर लॅपटॉपवर दुसरं काम केलं तरी टीव्हीवरचा व्हिडिओ चालत राहतो.

चिन्ह नसेल तर क्रोमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातली तीन टिंबं, त्यात 'कास्ट, सेव्ह अँड शेअर', मग 'कास्ट'. एजमध्ये 'मोअर टूल्स'मध्ये 'कास्ट मीडिया टू डिव्हाइस'. खिडकीत 'सोर्सेस' दिसेल. 'कास्ट टॅब' निवडलं तर फक्त ती टॅब जाते, आवाजासकट. 'कास्ट स्क्रीन' निवडलं तर आख्खा पडदा जातो. तेव्हा सिस्टिमचा आवाजही पाठवण्याची खूण करायला विसरू नका, नाहीतर टीव्ही मुका राहील. टॅब पाठवणं म्हणजे मात्र पुन्हा पडदाच पाठवणं. चित्र दाबून जातं, लॅपटॉप तापतो. म्हणून जिथे चिन्ह आहे तिथे टॅब पाठवू नका.

लॅपटॉपमध्ये साठवलेला व्हिडिओ, म्हणजे लग्नाचं चित्रीकरण किंवा स्नेहसंमेलनाचा नाच, कास्टवरून दाखवायचा असेल तर व्हीएलसी हा व्हिडिओ चालवणारा मोफत प्लेअर वापरा. २०१८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून त्यात ही सोय आहे. 'प्लेबॅक' मेनूत 'रेंडरर'वर गेलात की टीव्हीचं नाव येतं. पहिल्यांदा प्रमाणपत्राबद्दल एक इशारा येतो. तो तुमच्याच टीव्हीसाठी आहे याची खात्री करून स्वीकारा. व्हिडिओचा प्रकार टीव्हीला कळणारा नसेल तर व्हीएलसी तो चालता चालता बदलून पाठवतो आणि तेवढी मेहनत प्रोसेसरला पडते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर तो अडखळेल. ज्या टीव्हीला कास्ट येत नाही पण डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून फाइल चालवण्याची जुनी पद्धत) येतं, त्यासाठी फाइलवर उजवं क्लिक करून 'कास्ट टू डिव्हाइस' बघा. विंडोज ११ मध्ये ते 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत दडलंय. नेटवर्क 'पब्लिक' ठेवलेलं असेल तर तिथे टीव्ही दिसत नाही, 'प्रायव्हेट' करा. खरं सांगायचं तर एखादीच फाइल दाखवायची असेल तेव्हा मी ती पेन ड्राइव्हवर घेते आणि टीव्हीला लावते.

मॅक आणि लिनक्स

मॅकला मिराकास्ट येत नाही. पडदा पाठवायची त्याची स्वतःची पद्धत वेगळी, तिचं नाव एअरप्ले. २०१९ पासून सॅमसंग, एलजी आणि सोनीच्या अनेक टीव्हींमध्ये एअरप्ले २ यायला लागलं. तसा टीव्ही असेल तर मॅकच्या वरच्या पट्टीत 'कंट्रोल सेंटर', 'स्क्रीन मिररिंग', टीव्हीचं नाव आणि टीव्हीवर दिसणारा आकडा, एवढंच काम. टीव्हीला एअरप्ले नसेल तर क्रोममधून कास्ट करा. लिनक्सवरही क्रोमचं कास्ट चालतं. 'गनोम नेटवर्क डिस्प्लेज' हे मिराकास्टसाठीचं ॲप आहे.

सगळं जोडलं, पण सिनेमा काळा

ओटीटीच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर आवाज येतो, लिहिलेला मजकूर दिसतो आणि चित्राच्या जागी काळा चौकोन. जोडणीत काही बिघडलेलं नाही. विकत घेतलेल्या सिनेमा-मालिकांना नक्कल-बंदीचं कुलूप असतं आणि पडदा पाठवण्याच्या वाटेत ते कुलूप पूर्ण उघडत नाही. त्यावर आडवाटा शोधू नका. टीव्हीतच त्या सेवेचं ॲप असेल तर त्यात लॉगिन करा, पडदा पाठवण्याची गरजच राहत नाही.

दुसऱ्याचा पडदा आपल्या टीव्हीवर

मिराकास्ट आणि कास्ट चालू असलेला टीव्ही आसपासच्या सगळ्यांना आपलं नाव सांगत असतो. आमच्या पालकसभेत ऐन वेळी टीव्हीवर एका फोनचं नाव झळकलं, 'कनेक्ट करायचं का?' म्हणून. कोणा पालकाचा फोन खिशातच दाबला गेला होता. तेव्हापासून टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक वेळी विचारण्याचा पर्याय ठेवलाय. सॅमसंगमध्ये तो 'डिव्हाइस कनेक्शन मॅनेजर'मध्ये 'ॲक्सेस नोटिफिकेशन'खाली मिळतो. पिनची सोय असेल तर तीही लावा. टीव्हीचं नाव कारखान्याने दिलेलंच ठेवू नका. शेजारच्या दोन घरांत त्याच कंपनीचे टीव्ही असतात आणि आपला सिनेमा त्यांच्या दिवाणखान्यात सुरू होतो. आमच्या टीव्हीचं नाव 'तिसरी चौथी' आहे.

सभेआधी मी आणखी दोन गोष्टी करते. लॅपटॉपचं झाकण चुकून मिटलं तरी चित्र जाऊ नये म्हणून 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' असं लावते. आणि दाखवायची फाइल लॅपटॉपवर उघडून एकदा शेवटपर्यंत चालवून बघते. टीव्हीचा सैल पोर्ट नंतर मेकॅनिककडून बदलून घेतला. त्यात आता एक छोटी दोन मीटरची वायर लावून, गुंडाळून टीव्हीच्या मागेच टांगून ठेवलेली आहे. वाय-फाय रुसलं त्या दिवशी टेबल भिंतीकडे सरकवते, वायर सोडते आणि तास सुरू करते.